बर्फाची माणसं, टोपलीची माणसं

१३ ऑक्टोबर, सोमवार
साखर १८८.

डॉक्टरीण म्हणाली, रोज सकाळची साखर लिहून आणा. वही तिनंच दिली, वर मंजनाची जाहिरात. आकडा लिहून झाला, पान कोरं राहिलं. कोरं पान फुकट घालवणं मला जमत नाही. डॉक्टरीण केरळची आहे, तिला मराठी येत नाही. आकडा तेवढा वाचील. म्हणजे बाकी काहीही लिहायला मोकळीक.

तर लिहिते. मला राग आला आहे.

अजमानच्या या घरात आम्ही चौघं. मी. मुलगा शौकत, त्याच्या चार बस आहेत, जबल अलीच्या कॅम्पांतल्या मजुरांना कामावर नेतो-आणतो. सून साजिदा, क्लिनिकमध्ये कामाला. आणि नात नबिला, सोळा पूर्ण, जिच्यापायी माझे गुडघे जाणार आहेत.

नबिला हॉकी खेळते. मातीतली नाही, बर्फावरची. बाहेर माणूस अंड्यासारखा उकडून निघतो आणि ही पायात सुऱ्या बांधून बर्फावर. जबल अलीच्या अलीकडं एका कंपनीचे दोन मोठे हॉल आहेत. एकात बर्फ, एकात लाकडाची जमीन. लाकडावर बास्केटबॉल. बर्फवाल्या हॉलमध्ये मुलींची टीम आहे, त्यात ही.

शौकतनं अट घातली, दादी बरोबर बसेल तर जायचं. मला विचारलं? नाही. घरात जादा खुर्ची असते ना, उचलायची आणि पाहिजे तिथं ठेवायची, तशी मी.

१८ ऑक्टोबर, शनिवार
साखर १७४. थंडीनं उतरली असेल.

दोन पायमोजे, शौकतचं जुनं जाकीट, वर शाल. तरी कुल्ले गोठले. नबिला जाळ्यापुढं उभी राहते. काळी रबरी चकती दगडासारखी अंगावर येते. शहाण्या माणसानं बाजूला व्हावं. ही आडवी पडते. घरात पाण्याचा ग्लास उचल म्हटलं तर अंग मोडतं.

तिचं झालं की रात्री मोठ्या पुरुषांची मॅच. ते पगारी, कुठकुठल्या थंड देशांतून आणलेले. एकाचे पुढचे दात नाहीत. नबिला म्हणते, "दादी, ही इज अ लेजंड." मी म्हटलं, दात नसणं एवढंच लागत असेल तर मीही लेजंड.

मी काही खेळ बघत नाही. तसबीहची माळ घेऊन बसते. पण आज तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातला पंच आंधळा होता. आपल्या माणसाला मागून काठी घातली, आणि बाहेर बसवलं आपल्याच माणसाला! मी उठून उभी राहिले तेव्हा नबिलानं शाल ओढून खाली बसवलं.

घरी पोचायला तासाच्या वर लागतो. येताना पोर माझ्या खांद्यावर झोपते. केस ओले, घामाचा वास. ढकललं तरी उठत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार
साखर २०३. कारण खाली.

कंपनीचा सुजीत काल घरी आला होता, मिठाईचा डबा घेऊन. पुण्याचा मुलगा, जुमेरा लेक टॉवर्समध्ये उंचावर कुठंतरी राहतो, दोन्ही टीमांची जाहिरातबाजी याच्याकडं. शौकतच्या बस त्याला हव्या होत्या. कशाला ते माझ्यासमोर बोलले नाहीत. आत जाऊन बोलले.

बाहेर आल्यावर माझ्याशी गोड. "काकू, नबिला मस्त खेळते हां."

मी म्हटलं, खेळेल ना. तुम्ही ते बर्फ बंद करणार असं ती रडत सांगत होती, ते खरं का?

"काकू, तसं नाही. दोन स्पोर्ट आहेत आणि बजेट एकाचं उरलंय. आता ऑडियन्स कुणाला जास्त ते बघायचं. प्रत्येक मॅचला गेटवर तिकीट स्कॅन होतं. जानेवारीत हॉकीचा आकडा आणि बास्केटबॉलचा आकडा शेजारीशेजारी ठेवायचा. जास्तवाला राहील."

"आणि कमीवाला?"

"खलास." असं म्हणून हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

मी विचारलं, गर्दी म्हणजे आवड असते का रे? मयतालाही गर्दी होते.

"भारी बोलता तुम्ही काकू," म्हणाला. भारी. मला डोकं फोडावंसं वाटत होतं आणि हा म्हणतो भारी. त्याच्या मिठाईचे चार तुकडे खाल्ले. रागानं खाल्ले, गोडाच्या हौसेनं नाही, हे डॉक्टरणीला कसं सांगायचं?

नबिलानं सांगितलं, मुलींच्या टीमला वेळ देणारं दुसरं बर्फ इथं जवळ नाही. मॉलमधल्या बर्फावर वाढदिवसाची पोरं घसरतात, तिथं चकती मारता येत नाही. म्हणजे हा हॉल गेला की तिचं खेळणं गेलं.

शौकत जेवताना गप्प. मीठ कमी होतं तरी बोलला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज टोपलीवाले बघितले. बास्केट म्हणजे टोपली एवढं मला येतं. शौकत तिकडंच निघाला होता, मी म्हटलं मलाही ने, दुश्मन कसा दिसतो ते बघते. त्याला न्यायचं नव्हतं. मी गाडीत बसूनच राहिले.

गाडी मागच्या गेटला लागली. तिथं शौकतच्या चारही बस उभ्या. आतून माणसं उतरत होती, कामाचे निळे कपडे, बुटांवर सिमेंट. दारात एक पोरगा प्रत्येकाला केशरी टीशर्ट आणि खाण्याचा डबा देत होता. दुसरा मशीन लावून तिकिटं टीं टीं करत होता. माणसं केशरी शर्ट त्याच कपड्यांवर चढवून आत जाऊन बसली.

मी त्यांच्यातच बसले. खेळ वाईट नाही, खोटं कशाला बोलू. लांब पोरं, माडावर चढल्यासारखी उडी मारतात. पण बर्फावर एक गोल झाला की छाती धडधडते, इथं दर घडीला टोपलीत बॉल. रोज ईद असली तर ईदेची काय किंमत?

माझ्या शेजारचा माणूस झोपला. त्याच्या पलीकडचाही. पूर्ण रांग झोपली. पुढं एक जण शिटी घेऊन उभा होता, शिटी वाजली की ही माणसं झोपेतून टाळ्या वाजवायची आणि परत मान टाकायची.

मी शेजारच्याला हलवलं. "क्यूँ आया, बेटा?"

"बस इधर आया, अम्मा. हम बस में था."

"घर नहीं जाना था?"

"ये होने के बाद छोड़ेगा. इधर ठंडा है, कुर्सी नरम है." आणि डोळे मिटले.

दिवसभर उन्हात लोखंड उचललेली माणसं. त्यांना बिछान्यावर न नेता इथं आणून बसवलं, हजेरी भरायला. कुणाच्या बसमधून? माझ्या पोटच्या पोराच्या.

८ नोव्हेंबर, शनिवार
साखर बघितली नाही. मशीन फुटेल अशी भीती वाटली.

सकाळी शौकतला चहा दिला नाही. आधी विचारलं. "ती माणसं टोपलीची झाली कधी?"

"अम्मा, काम आहे. सुजीत भाडं देतो."

"त्या माणसांच्या झोपेचं भाडं तू घेतोस?"

"तू समजत नाहीस."

"मला एवढं समजतं, तू टोपलीला माणसं भरतोस म्हणून टोपलीचा आकडा वाढतो. टोपलीचा वाढला की तुझ्या मुलीचं बर्फ जातं. स्वतःच्या पोरीच्या पायाखालचं विकून तिच्याच ताटात वाढतोस."

साजिदा मधे पडली, "अम्मा, बस करा." मी म्हटलं, बसच तर करतोय तो, चार बस.

नबिला दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बापाकडं बघून म्हणाली, "यू नेव्हर इव्हन केम टू वन गेम." आणि खोलीत गेली. शौकतचं तोंड असं झालं, जसं लहानपणी नारळ पायावर पडला होता तेव्हा झालेलं. मला दया आली नाही. आली असती तरी दाखवली नसती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
साखर १६९.

बाकी काही नाही. शौकतशी बोलणं बंद. जेवण देते, बोलत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बर्फावर आज मोजून बघितलं असतं तर हाताची बोटंसुद्धा उरली असती. थोडं वाढवून सांगते, पण खुर्च्याच खुर्च्या. पगारी लोक रिकाम्या खुर्च्यांसमोर एकमेकांना आपटत होते. जिंकले तरी कुणी बघायला नाही. मला संताप आला. काय कमी आहे या खेळात? लग्नातही एवढी मारामारी बघायला मिळत नाही.

बसून विचार केला. माणसं जमवायची ना? आमच्या कोकणात माणसं कशी जमवतात हे मला कुणी शिकवायला नको. कार्ड पाठवून कुणी येत नाही. घरी जाऊन, उंबऱ्यावर उभं राहून, "सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायची नाही" असं म्हटलं तरच ते आवतण. नाहीतर माणसं नंतर म्हणतात, आम्हाला बोलावलंच कुठं.

पुढच्या शनिवारी मोठ्यांच्या मॅचच्या दुसऱ्या सुट्टीत नबिलाच्या मुली दहा मिनिटं खेळून दाखवणार आहेत. निमित्त चांगलं आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवस अजमान आणि शारजा पालथं घातलं. साजिदा क्लिनिकमधून सुटली की गाडी घेऊन माझ्याबरोबर. दापोलीवाले, हर्णैवाले, मुरूडवाले, आमचे खाडीपलीकडचे, कुणाला सोडलं नाही. ज्यांच्याशी बारा वर्षं बोलत नव्हते त्यांच्याही दारात गेले. म्हटलं, माझ्या नातीचा खेळ आहे, यायचं. खाण्याचं आमच्याकडं.

तिकीट चाळीस दिरहम ऐकून एकीनं तोंड वाकडं केलं, "बाई, हजार रुपये झाले." मी म्हटलं, हळदीला साडी घेतेस तेव्हा रुपये करतेस का?

वेळ सातची सांगितली. मॅच सातलाच आहे. पण आमची माणसं सात म्हटलं की साडेआठला येतात. दावतीला वेळेवर पोचणारा भुकेला दिसतो, म्हणून वेळेवर कुणी येत नाही. मुलींचा खेळ साडेआठलाच आहे. म्हणून मी मुद्दाम सात सांगितलं. डोकं वापरलं. शाळेत चौथीपुढं गेले नाही म्हणून डोकं नाही असं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार, रात्री



सात वाजले, कुणी नाही. साडेसात, कुणी नाही. नबिला हेल्मेटच्या जाळीतून खुर्च्यांकडं बघत होती. मी तिला हातानं दाखवलं, थांब. आठ वाजून गेल्यावर दार उघडलं आणि लोंढा आला. काय सांगू! भरजरी ओढण्या, अत्तर, कडेवर पोरं, म्हातारे काठ्या टेकत. एकेक कुटुंब दहा-दहाचं. बर्फाच्या हॉलमध्ये अत्तराचा वास कधी आला नसेल. वरच्या खुर्च्यासुद्धा भरल्या.

मुली बर्फावर आल्या. नबिलानं पहिली चकती अडवली तशी आमच्या बाया अशा ओरडल्या की पगारी खेळाडू आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघायला लागले. बिनदातवाल्यानं काठी आपटून सलाम केला.

आणि मजा म्हणजे कुणाचा एक दिरहम गेला नाही! उशीर झाला म्हणून दारावरचे पोरगे मशीन उचलून निघूनच गेले होते. रखवालदार म्हणाला, अर्धी मॅच झाली, आता फ्री, यल्ला, जाओ. आमच्या बाया माझ्यावर खूश. म्हणाल्या, मैमुनाबी, तुझं आवतण म्हणजे तिकीटसुद्धा माफ.

सुजीत कुठं दिसला नाही. दिसला असता तर कान धरून वरपासून खालपर्यंत दाखवलं असतं. म्हणे ऑडियन्स.

शौकत आला होता. शेवटच्या रांगेत, खांबाआड. नबिलाला दिसला नसेल. मला दिसला, मी सांगितलं नाही. आला असेल बस सोडायला.

६ डिसेंबर, शनिवार
साखर १५१. सुबहानल्ला.

आज बर्फावर गर्दी. आमची माणसं नव्हेत, ती एका आवतणाला एकदाच येतात. मजूर आले! तेच, निळ्या कपड्यांतले. मला वाटलं डोळे फसले. पण तो नरम कुर्सीवाला त्यांच्यात होता. मी विचारलं, "आज टोपली छोड़ के इधर?" तो हसला, "हाँ अम्मा, अभी इधर."

बघा. ज्यांना ओढून टोपलीपुढं बसवलं होतं, ती माणसं आता बर्फ बघायला येतात. गरिबालाही कळतं कुठला खेळ खेळ आहे. खाण्याचे डबे आणले होते, घरून आणले असतील. झोपली नाहीत. थंडी एवढी की झोपणार कशी. चकती जाळ्यात गेली की उठून नाचत होती, शिटीवाल्याशिवाय.

घरी आल्यावर शौकतला ऐकू जाईल असं साजिदाला म्हटलं, "काही लोक भाड्यानं आणावे लागतात, काही मनानं येतात." शौकत भात कालवत राहिला.

१३ डिसेंबर, शनिवार

आज त्याहून जास्त. मी नबिलाला म्हटलं, हे सगळं माझ्या आवतणामुळं. बोभाटा झाला. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "शुअर, दादी." तिनं बापाला आज स्वतः चहा करून दिला. का, कोण जाणे. या वयाच्या पोरींचं काही कळत नाही. एक महिना तोंड फिरवायचं आणि एक दिवस चहा.

१७ डिसेंबर, बुधवार

सुजीतचा फोन. शौकत उचलत नव्हता म्हणून घरी केला.

"काकू, शौकतभाईंच्या बस अजून बंदच आहेत का? इंजिनाचं काम म्हणाले होते. बास्केटबॉलला माझी पंचाईत झालीय."

मी म्हटलं बंद असतील, जुन्याच आहेत. मला काय, टोपलीची पंचाईत झाली तर मी साखर वाटीन.

शौकतला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." बस बंद तर हा रात्री अकराला डिझेलचा वास घेऊन कुठून येतो? कामचुकार. भाडं नाही, धंदा नाही, आणि चेहरा असा शांत जसं काही कमावून आला. साजिदानं स्वतःच्या बांगड्या आतल्या कपाटातून काढून कुठंतरी दिल्या, तेही मी बघितलं. नवऱ्याचा आळस बायकोच्या हातातून वसूल होतो. आमच्या वेळीही असंच होतं.

१० जानेवारी, शनिवार

बुधवारी सगळ्या पालकांना बोलावलं आहे. आकडे दाखवणार. ज्या कंपनीचे पैसे आहेत तिची मोठी बाई येणार, लेबनॉनची. मी ठरवलं आहे, गप्प बसायचं नाही. आकड्यात झोपलेली माणसं आहेत हे त्या बाईला कळलं पाहिजे. शौकतचं भाडं जायचं ते जावो. तसंही बस बंदच आहेत.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर मला घरी ठेवतील.

१४ जानेवारी, बुधवार

लिहिते. आज झोप येणार नाहीच.

मोठी खोली, भिंतीवर पडदा. नबिला माझ्या उजवीकडं, शौकत आणि साजिदा मागं. सुजीत इंग्रजीत बोलत होता. मला कळेना, पण पडद्यावर चित्र आलं. दोन खांब. एक केशरी, एक निळा. केशरी उंच. निळा त्याच्या कमरेएवढा.

माझ्या डोक्यात गेलं. मी उठले.

नबिलानं हात धरला. "दादी, वेट. वेट! देअर्स अनदर स्लाइड."

कसली स्लाइड. उंच ते उंच, मला डोळे आहेत. हात झटकला. लेबनॉनच्या बाईला सरळ हिंदीत सांगितलं, ती इथं वीस वर्षं आहे, तिला येतं. म्हटलं, "मॅडम, ये ऊँचा खंबा झूठ है. इसमें मजदूर लोग है. बस में भर के लाया, टीशर्ट पहनाया, सोया हुआ आदमी को गिना. बस मेरे बेटे का है. ये बैठा है मेरा बेटा. पूछो."

खोली गार झाली. बर्फाच्या हॉलपेक्षा गार.

बाईनं सुजीतकडं बघितलं. सुजीतच्या हातातलं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं. त्यात दर आठवड्याचे खांब होते. केशरी बुटका होत गेलेला. निळा उंच, मग आणखी उंच. शेवटचे दोन-तीन निळे सगळ्यांत उंच.

सुजीत माझ्याशी मराठीत बोलला, अगदी हळू. "काकू, मला कुठलाही एक हॉल भरलेला दाखवायचा होता. मी हॉकीच ठेवायची म्हणणार होतो. ट्रेंड हॉकीचा होता."

मग बाईनं शौकतला विचारलं, कुठल्या मॅचला बस आल्या, सगळ्या सांग. शौकत उठला. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "नोव्हेंबरपर्यंत बास्केटबॉलला आणल्या. भाडं घेतलं. डिसेंबरपासून हॉकीला. भाडं नाही घेतलं. डिझेल माझं, खाणं माझं, तिकिटं माझी. माझी मुलगी तिथं खेळते."

एवढंच बोलून खाली बसला.

बाई कडक आहे. तिनं सांगितलं, बसची माणसं दोन्हीकडून वजा करा. सुजीतनं केली, तिथंच. दोन्ही खांब बसले. केशरी थोडा उरला, निळा त्याच्या आसपास, जरा खाली.

मग मी परत उठले. म्हटलं, माझी माणसं धरा! नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी हॉल वरपर्यंत भरला होता. ती कुणी बसमधून आणली नाहीत, मी उंबरे झिजवलेत. सुजीतनं ती तारीख काढली. त्या रात्री बर्फावर माणसं: एकसष्ट. मशीन आठला उचलतात. त्यानंतर आलेला माणूस आलाच नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. अत्तर लावून आलेली जिवंत माणसं मोजली नाहीत, आणि झोपलेली मोजली! साजिदानं मला धरून बाहेर आणलं.

१५ जानेवारी, गुरुवार
साखर २४१. हे लिहायलाच पाहिजे, डॉक्टरीण विचारील.

निकाल आला. टोपली राहणार, बर्फ जाणार. दोन्हीकडं सारखीच थोडी माणसं, पण लाकूड नुसतं पडून राहतं, बर्फाला रात्रंदिवस वीज लागते. एवढं साधं कारण.

साजिदानं मला बसवून सांगितलं. बस कधी बंद नव्हत्याच. शौकत सुजीतला इंजिनाचं सांगून चारही गाड्या बर्फाकडं वळवत होता. तिच्या बांगड्या तिकिटांत गेल्या. नबिलाला हे डिसेंबरातच कळलं होतं, ड्रायव्हरनं तिला सलाम केला तेव्हा. चहा त्याच दिवशीचा. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक, फक्त मला नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"अम्मा, तुम्ही त्याच्याशी बोलत होता कुठं?" म्हणाली.

मला राग आला आहे. शौकतवर, त्यानंही त्याच दमलेल्या माणसांना आणून बसवलं. मुलीसाठी बसवलं म्हणून काय त्यांची झोप कमी महाग होते? मी खरं बोलले. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुन्हा बोलीन.

पण एक स्लाइड थांबले असते तर.

लिहिलं ते राहू दे. खोडणार नाही.

२४ जानेवारी, शनिवार

नबिला नऊ दिवस माझ्याशी बोललेली नाही. हॉलमधून तिचं सामान आणायला बापाबरोबर गेली. मला कुणी चल म्हटलं नाही. एवढे महिने खुर्चीसारखी नेली, आज खुर्ची नको झाली.

सुजीतची नोकरी गेली म्हणे. मिठाई घेऊन घरी आला होता तो. असो, त्यानंच शिटीवाला ठेवला होता.

शौकतशी मी आज बोलले. म्हटलं, डाळीत मीठ पाहिजे का? तो म्हणाला, थोडं.

३१ जानेवारी, शनिवार
साखर १८०, पहाटे बघितली.

अबू धाबीत बर्फ आहे. तिथल्या क्लबनं मुलींना शनिवारी सकाळचा वेळ दिला, पहाटे निघालं तरच पोचता येतं. शौकतनं एक बस मोकळी ठेवली आहे. चौदा मुलींची आईबापं भाड्याला हिस्सा देतात. हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं. मला कुणी सांगायला आलं नाही.

फजरची नमाज झाली तशी जाकीट घातलं, दोन पायमोजे घातले, खाली जाऊन बसमध्ये पहिल्या खुर्चीवर बसले. शौकत टायर बघत होता. म्हणाला, "अम्मा, तू कशाला?"

मी म्हटलं, अट तुझीच आहे. दादी बरोबर बसेल तर जायचं. अट मोडलीस असं तू मला सांगितलेलं नाहीस.

त्यानं गाडी सुरू केली.

मुली चढत गेल्या, थैल्या फेकत, जांभया देत. काही सलाम करून गेल्या, काही माझ्याकडं बघून कुजबुजल्या. हीच ती म्हातारी. मी बघत राहिले, नजर खाली घातली नाही. नबिला शेवटी आली. पाठीवर तिच्याएवढी थैली. माझ्याजवळ थांबली. मला वाटलं आता उतर म्हणेल, आणि मी उतरणार नव्हते, भांडण तयार ठेवलं होतं.

तिनं वाकून माझ्या खांद्यावरून पट्टा ओढला आणि खटकन लावला.

"सीटबेल्ट, दादी."

आणि मागं आपल्या मुलींत जाऊन बसली. पट्टा फार घट्ट लावला होता, श्वास घ्यायला त्रास होत होता. अबू धाबीपर्यंत मी तो सैल केला नाही.